'न थकणारे अणू' आणि आत्याच्या गळ्यातलं लॉकेट

सध्या नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि भिशीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: २००६ साली अमेरिकेत सिद्ध झालं की अणू हजारो वेळा एकमेकांवर आदळूनही थकत नाहीत, म्हणजे ऊष्मागतिकीचा दुसरा नियम (सगळं आपोआप मिसळून समतोलाकडेच जातं, हा) मोडला, २०१३ साली जर्मनीत निरपेक्ष शून्याच्याही, म्हणजे थंडपणाच्या शेवटच्या टोकाच्याही, खालचं तापमान गाठलं, जिवंत शरीरही समतोलात नसतं, हे ज्ञान मुळात आपले भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांचं, ते दडपलं गेलं, आणि म्हणून 'क्वांटम लॉकेट' घातलं की पेशींतले अणू ताजे राहतात, औषधं हळूहळू सोडता येतात. इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या आत्याने हे वाचून लॉकेट घेतलं आणि मधुमेहाची गोळी बंद केली. म्हणून आधी लॉकेटच.

ज्या अणूंच्या जिवावर हा धंदा चाललाय ते निर्वात पेटीत, लेसरच्या प्रकाशात अडकवलेले असतात. १९९५ साली अमेरिकेत रुबिडियमच्या अणूंचं पहिलं बोस-आइनस्टाइन संघनन (अतिथंड अणू सगळे मिळून एकच असल्यासारखे वागतात ती अवस्था) झालं ते साधारण १७० नॅनोकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या १७० अब्जांश भागावर. आपलं शरीर ३१० केल्विनचं, म्हणजे जवळपास १८० कोटी पट गरम. तिथलं वागणं इथे कोणतं लॉकेट आणणार? जिवंत शरीर समतोलात नसतं, एवढं मात्र मेसेजमध्ये खरं आहे. पण ते तसं राहतं खाल्लेल्या भाकरीवर आणि घेतलेल्या श्वासावर. साखरेचा आजार म्हणजे नेमका याच इंधनाच्या वापरातला बिघाड, आणि गोळी त्यासाठीच असते.

आणखी एक, विकणारे हे सांगत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा 'संरक्षक' म्हणून विकल्या जाणाऱ्या १० वस्तू तपासून जाहीर इशारा दिला: त्यांत किरणोत्सारी पदार्थ आहे, घालू नका. त्यांत 'क्वांटम' नावाची लॉकेटं होती, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी होती, लहान मुलांचं ब्रेसलेटसुद्धा होतं! आत्याच्या लॉकेटमध्ये तेच आहे असं मी म्हणत नाही. पण आत काय भरलंय हे त्यावर कुठेच छापलेलं नाही, आणि ती ते रात्रंदिवस छातीवर बाळगत होती.

आता २००६. प्रयोग खरा आहे, आणि विलक्षण आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात किनोशिता, वेंगर आणि वाइस यांनी रुबिडियमचे अणू प्रकाशाच्या इतक्या अरुंद नळ्यांत कोंडले की त्यांना फक्त पुढे-मागेच हलता येईल. एका नळीत ४० ते २५० अणू. त्यांना दोन गटांत विरुद्ध दिशांना ढकललं, आणि हजारो टकरींनंतरही ते समतोलाकडे जाताना दिसले नाहीत. कारण सरळ आहे: एकाच रेषेत दोन सारख्या कॅरम सोंगट्या समोरासमोर आदळल्या की त्या वेगांची फक्त अदलाबदल करतात. कुणाचा वेग किती, याची एकूण यादी तीच राहते. ऊर्जा कुठून निर्माण होत नाही, दुसरा नियमही मोडत नाही. मिसळण्याची वाटच बंद असते. अणूंना तिन्ही दिशा मोकळ्या द्या, मोजक्या टकरींत ते समतोलाला येतात. २०१८ साली स्टॅनफर्डच्या गटाने डिस्प्रोसियम हे अतिशय चुंबकीय अणू घेऊन असाच प्रयोग केला. अणूंमधलं दूरवरचं चुंबकीय बळ वाढवलं की तो नाजूक खेळ कसा विसकटतो, हे त्यात दिसलं. पेशीतल्या गर्दीत तो कसा टिकेल?

उणे तापमानाचा प्रयोग म्युनिकचा, पोटॅशियमच्या अणूंवरचा. त्यात कमी ऊर्जेच्या अवस्थांपेक्षा जास्त ऊर्जेच्या अवस्थांत अधिक अणू होते. 'उणे' म्हणतात ते त्याला. अशा वायूकडून उष्णता नेहमीच्या कुठल्याही वस्तूकडे जाते. म्हणजे तो थंड कसला, उलट अतिगरम.

राहिले बोस. त्यांना नोबेल मिळालं नाही याची चीड मलाही आहे. पण त्यांचा १९२४चा लेख आइनस्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापून आणला, आणि विश्वातल्या कणांच्या अख्ख्या एका जातीला त्यांच्या नावावरून बोसॉन म्हणतात. त्यांच्या नावावर लॉकेटं विकणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचायचं होतं.