राज्यघटनेचे प्राध्यापक ‘नुसते पुस्तकी’? दावा तपासून पाहू

‘ज्यांना वकिली जमत नाही ते घटना शिकवतात, त्यांचं लिखाण कोर्टात कोणी वाचत नाही, म्हणूनच आजवर एकही प्राध्यापक सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला नाही.’ हा मजकूर सध्या खूप फिरतोय.

वकिली जमत नाही? बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या आजच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करताच येत नाही. आणि डॉ. आंबेडकर वकिली करत होते, तसेच मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात शिकवतही होते. 1935 मध्ये ते तिथले प्राचार्य झाले.

कोर्टात कोणी वाचत नाही, हा दावा तर उघड खोटा आहे. फेब्रुवारी 1965 मध्ये डिट्रिच कॉनराड या जर्मन अभ्यासकाने बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिलं. विषय होता, घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात का? सर्वोच्च न्यायालयातल्या गोलकनाथ खटल्यात वकील एम. के. नंबियार यांनी हाच युक्तिवाद मांडला. तेव्हा न्यायालयाने तो स्वीकारला नाही. पण 24 एप्रिल 1973 ला केशवानंद भारती खटल्यात 7 विरुद्ध 6 मतांनी ‘मूलभूत चौकट’ (घटनेचा गाभा संसदेला घटनादुरुस्तीनेही मोडता येत नाही, हे तत्त्व) मान्य झाली, आणि त्या सातांपैकी न्या. खन्नांनी निकालपत्रात कॉनराड यांचं म्हणणं उद्धृत केलं. आज संसदेच्या घटनादुरुस्त्या ज्या कसोटीवर तपासल्या जातात, तिच्या मुळाशी विद्यापीठातलं ते व्याख्यानही आहे. माझ्या मते याहून मोठा पुरावा लागू नये.

तरी आपल्या पुण्याचं उदाहरण सांगायलाच हवं. गोखले इन्स्टिट्यूटचे डी. सी. वाधवा अर्थशास्त्राचे प्राध्यापक. 1967 ते 1981 या काळात बिहारमध्ये 256 अध्यादेश (विधिमंडळ भरलेलं नसताना राज्यपाल काढतात ते तात्पुरते कायदे) विधिमंडळापुढे न नेता पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षं जिवंत ठेवले गेले, काही तर चौदा वर्षं! वाधवांनी ते चिकाटीने शोधून काढले आणि स्वतः याचिका केली. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. प्राध्यापकाने कोर्टात किती काम केलं, हे त्याच्या अंगावर काळा कोट आहे की नाही यावरून ठरवायचं नसतं.

न्यायाधीशपदाचं म्हणाल, तर प्राध्यापकपदावरून थेट तिथे कोणी नेमलं गेलं नाही, हे खरं आहे. अनुच्छेद 124(3) नुसार राष्ट्रपतींच्या मते ‘नामांकित विधिज्ञ’ (म्हणजे कायद्याची नावाजलेली अभ्यासक) असलेली व्यक्ती थेट सर्वोच्च न्यायालयात नेमता येते. तरतूद 1950 पासून आहे, पण ती एकदाही वापरली गेली नाही. ही उणीव नेमणुका करणाऱ्यांची आहे. तिचा जाब प्राध्यापकांना कशासाठी विचारायचा?