साडेदहा हजारांपायी मोडलेलं बिऱ्हाड

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आज सकाळी एक फोटो पडला. बंद दुकानाच्या पायरीवर एक बाई, दोन पोरं, गॅसची शेगडी, पत्र्याची ट्रंक आणि पोत्यांत कोंबलेले कपडे. खाली लिहिलेलं, 'कुणीतरी महापालिकेला फोन करा, यांना इथून हलवा, नाहीतर कॉलनीचा उकिरडा व्हायचा.' आणि त्याखाली अंगठ्यांची रांग. दिवाळीला एकमेकांच्या घरी फराळाची ताटं पोचवणारी हीच माणसं.

तिथे लिहिलं असतं तर तोंडातून शिवीच गेली असती. म्हणून इथे लिहितेय. लांबेल, पण वाचा.

त्या फोटोतली शेगडी बघा. शेगडी आहे म्हणजे कालपरवापर्यंत ओटा होता. ट्रंक आहे म्हणजे ती ठेवायला कोपरा होता. माणसं एकदम पायरीवर येत नाहीत हो. आधी एका महिन्याचं भाडं थकतं. मग दुसऱ्या. मग मालक दारात उभा राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलायला लागतो, मग लाईट तोडतो, आणि एका सकाळी सामान बाहेर. याला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्या काळात सगळ्या गल्लीला दिसत असतं काय चाललंय ते. पण भाडं थकलंय, थोडा हात द्या, असं म्हणत जाऊन उभं राहावं असं एक टेबल आपल्या महापालिकेत नाही. सामान बाहेर पडल्यावर मात्र 'हलवा' म्हणून फोन करायला सगळे मोकळे.

माझं पोटच भाडेकरारावर चालतं, तुम्हाला माहीत आहे. सांगलीत विजयनगरला कोर्टाच्या बाजूला बसून मी लोकांचे अंगठे मशीनवर घेते, आधार जोडते, स्टॅम्प भरते. त्यामुळे या शहरात कोण कुठे आणि कसं राहतं, ते मला जरा जवळून दिसतं. आणि मला अक्का दिसल्या होत्या.

अक्का संजयनगरला दोन खोल्यांत राहायच्या. भाडं साडेतीन हजार, लाईटबिल वेगळं. नवरा मार्केट यार्डात हमाल. अक्का हळदीच्या सीझनला गोदामात हळद निवडायला जायच्या, एरवी दोन-तीन घरची धुणीभांडी. मुलगी दहावीला, मुलगा सहावीला. पोत्याखाली नवऱ्याची कंबर गेली. एमआरआय काढला, बेल्ट लावला, डॉक्टर म्हणाले तीन महिने झोपून राहा. रोज उचललेल्या पोत्यांवर ज्याचं घर चालतं, त्याने तीन महिने झोपून राहायचं! साठलेलं सगळं दवाखान्यात गेलं आणि भाडं थकलं. तीन महिन्यांचे साडेदहा हजार.

अक्का माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. म्हणाल्या, "ताई, पोरीची धावी हुईपतुर ऱ्हाऊ द्या म्हणावं, एवढंच लिवा."

मी पेन घेतलं. अर्ज कुणाला लिहायचा? 'प्रति' लिहून मी थांबले. प्रति कोण? भाडं थकलेल्या माणसाने अर्ज करायचा असा साहेबच नाही. तरी लिहिला. एका कार्यालयात सांगितलं, निराधार योजनेत बसत नाही, नवरा आहे ना. दुसरीकडे सांगितलं, घरकुलाचा फॉर्म भरा. घरकुल बांधायला पायाखाली स्वतःची जागा लागते, आणि तयार घर मिळणार म्हटलं तरी यादी, लॉटरी, वर्षं. या बाईला पुढच्या सोमवारी बाहेर काढणार होते!

आता कुणीतरी म्हणणार की तुम्ही का नाही दिले पैसे? दिले. मी आणि त्या ज्यांच्याकडे कामाला जायच्या त्या दोघींनी मिळून एक महिन्याचं भाडं उभं केलं. मालक म्हणाला, बाकीचं कोण देणार आणि पुढचं कोण देणार? प्रश्न चुकीचा नव्हता. शेजारणींच्या पर्समधून शहर चालत नाही.

फेब्रुवारीत सामान बाहेर आलं. दहावीच्या बोर्डाच्या तोंडावर. नवरा भावाकडे गावी गेला, अक्का पोरांना घेऊन मिरजेला बहिणीकडे, एका खोलीत आठ माणसं. पोरीने परीक्षा दिली, दोन विषय राहिले, आता ती कापडाच्या दुकानात उभी असते. अनामत रक्कम थकबाकीत वळती झाली, त्यामुळे नवीन खोली घ्यायला हातात काही नाही. एकदा बिऱ्हाड मोडलं की परत मांडायला पुन्हा अनामत, पुन्हा आगाऊ भाडं, टेम्पोचं भाडं, नवा गॅस पत्ता, पोराच्या शाळेचा दाखला. जे साडेदहा हजारांत वाचलं असतं, ते आता पन्नास हजारांतही उभं राहत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो अक्कांच्या बाजूने आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यातलं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर मालक उलटं सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं. थकबाकीसाठी भाडेकरूला काढायचं तर लेखी नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस थांबायचं, मग दावा. अक्कांना नोटीस मिळाली ती दारावर लाथ मारून. त्यांनी वकील लावायचा होता का? वकिलाच्या पहिल्या फीमध्येच दोन महिन्यांचं भाडं गेलं असतं.

आणि सरकारने कुणाचं भाडं कधी भरलंच नाही, असं मला सांगू नका. आपण सांगलीत राहतो. ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर तर दरवेळी सगळ्यांत आधी पाण्याखाली जातातच, त्या वर्षी बाजारपेठाही गेल्या. तेव्हा सरकारने शहरी कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण कुटुंबाला १० हजार दिले. ज्यांची घरं पूर्ण पडली त्यांना दुसरीकडे भाड्याने राहायला शहरात ३६ हजार आणि गावात २४ हजार जाहीर केले. घरभाडं! सरकारी तिजोरीतून! तेव्हा आमच्या कॉलनीत कुणी म्हणालं का की हे फुकटे आहेत, यांना सवय लागेल? उलट आपणच पोळ्या लाटून पाठवल्या.

कारण पाणी सगळ्यांच्या दारात आलं होतं. अक्कांच्या घरात आला तोही महापूरच होता, फक्त तो एकाच घरात शिरला. त्याला पंचनामा नाही, तलाठी नाही, बोट नाही.

करोनात बघा. १७ एप्रिल २०२० ला आपल्याच राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितलं की तीन महिने भाडं मागू नका, थकलं म्हणून कुणाला काढू नका. चांगलं होतं, पण मालकाचं नुकसान कोण भरणार ते काही सांगितलं नाही, मग कुणी पाळलं आणि कुणी नाही. दिल्लीत २९ मार्चला तेव्हाचे मुख्यमंत्री केजरीवाल यांनी त्याच्या पुढे जाऊन सांगितलं होतं की गरीब भाडेकरूला भाडं देणं जमलं नाही तर सरकार भरेल. भरलं नाही. भाडेकरू हायकोर्टात गेले. जुलै २०२१ मध्ये कोर्ट म्हणालं, मुख्यमंत्र्याने दिलेला शब्द आहे, तो पाळण्यावर निर्णय घ्या. दोन महिन्यांत त्याच कोर्टाच्या खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे कल्पना आपल्या देशात कुणाला सुचलीच नाही असं नाही. सुचते, माईकवर बोलली जाते, आणि पैसे मोजायची वेळ आली की सगळे खाली बघतात.

माझा मावसभाऊ इंग्लंडात असतो. तिथे २०१७ च्या कायद्याने असं ठरवलंय की पुढच्या ५६ दिवसांत जो बेघर होईल अशी भीती आहे, त्याला मदत करणं स्थानिक कौन्सिलचं, म्हणजे तिकडच्या महापालिकेचं, कर्तव्य. बेघर झाल्यावर नव्हे, व्हायच्या आधी. कौन्सिल मालकाशी बोलते, गरज पडली तर भाड्यातली तूट भरू शकते. अमेरिकेत डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ मध्ये केंद्राने भाडेकरूंच्या थकबाकीसाठी दोन टप्प्यांत मिळून ४६ अब्ज डॉलरपेक्षा जास्त मंजूर केले, वाटले राज्यांनी आणि शहरांनी. बरं, तिकडेही माणसं फुटपाथवर झोपतात, कौन्सिलं कर्जबाजारी झालीत, मावसभाऊच सांगतो. मान्य. पण त्यांच्याकडे 'प्रति' च्या पुढे लिहायला नाव तरी आहे.

आपल्याकडे काय आहे? बेघरांसाठी निवारा. केंद्राच्या योजनेत निकष असा होता की लाखभर लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय. निवारा चालवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, थंडीत रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला उचलून नेऊन आंघोळ घालतात ते लोक. पण अक्कांनी दहावीच्या पोरीला घेऊन निवाऱ्यात जायचं? स्वतःच्या भांड्यांसकट, कंबर मोडलेल्या नवऱ्यासकट? जिचं घर अजून मोडलेलं नाही तिला, घर मोडून आलीस की ये, असं आपण सांगतोय.

घरमालकांबद्दलही लिहिते, कारण माझ्या यादीत त्यातले बरेच जण आहेत आणि ते आत्ता चिडले असतील. गावभागात एक आजी आहेत. नवरा गेला, पेन्शन नाही, वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर त्यांची औषधं चालतात. त्यांचं भाडं तीन महिने थकलं तर त्या कुणाच्या दारात जाणार? मी त्यांना खलनायक म्हणणार नाही. अक्कांचा मालकही काही बंगलेवाला नव्हता, त्याचं त्या घरावर कर्ज होतं. तो जसा वागला ते मी विसरणार नाही, पण त्याला महिन्याच्या पाच तारखेला पैसे हवे होते यात गैर काय? म्हणूनच म्हणते, पैसे भाडेकरूच्या हातात देऊच नका, थेट मालकाच्या खात्यात टाका. आजींची औषधंही चालतील आणि अक्कांचं दारही उघडं राहील.

महापालिकेकडे पैसे नाहीत. हे वाक्य मी माझ्या शाळेच्या दिवसांपासून ऐकतेय. नाहीत, बरं. कर्मचाऱ्यांचे पगार, पाणी, कचरा, सगळ्याची ओढाताण आहे हे कबूल. तरीही चौक सुशोभित होतात, दुभाजकात झाडं लावली जातात, ती वाळतात, पुन्हा लावली जातात. स्वागतकमानी उभ्या राहतात. कुणाचं स्वागत? साधा हिशेब करा. एका कुटुंबाला अक्कांएवढे साडेदहा हजार, वर्षाला पाचशे कुटुंबं. साडेबावन्न लाख. सांगली, मिरज, कुपवाड अशा पाच लाखांवर वस्तीच्या तीन शहरांच्या महापालिकेला हे जड आहे असं मला कुणी तोंडावर सांगावं. शहरी गरिबी कमी करणं हा विषय ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत टाकला, म्हणजे महापालिका-नगरपालिकांच्या कामांच्या यादीत.

लोक खोटे अर्ज करतील. करतील. मालक-भाडेकरू मिळून पैसे खातील. काही खातील. पूरग्रस्तांच्या यादीतही नको ती नावं घुसली होती, म्हणून काय पुढच्या पुरात मदत द्यायचीच नाही? कुटुंबाला तीन वर्षांत एकदाच, जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं, आणि कारण दाखवायचं: आजारपण, अपघात, काम सुटणं, घरातला कमावता जाणं. दवाखान्याचे कागद गरिबाकडे असतात, तो ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. मालकाने त्या बदल्यात सहा महिने काढणार नाही असं लिहून द्यायचं आणि करार नोंदवायचा. बहुतेक मालक करार का करत नाहीत ते मला रोज ऐकू येतं. भाडेकरू दाखवला की घरपट्टी वाढेल, ही भीती. या योजनेतल्या घराची घरपट्टी करारामुळे वाढणार नाही, एवढं महापालिकेने छापून द्यावं. आणि कराराचा स्टॅम्प आणि नोंदणीचे हजार रुपयेही तिनेच सोसावेत. माझी फी मी घेणार नाही, हे इथे सगळ्यांसमोर लिहून देते.

सकाळी लिहायला बसले तेव्हा फार संतापले होते. आता तेवढी नाही. ज्यांनी तो अंगठा दाखवला त्यातल्या दोघांना मी चांगली ओळखते. एकाच्या वडिलांनी शामरावनगरला भाड्याच्या खोलीत चार पोरं वाढवली. त्यांना आठवत असेल, पाच तारीख आली की घरात कसं बोलणं बंद व्हायचं. तुम्ही वाईट नाही. पण तो फोन महापालिकेला करायचाच असेल तर बाईला हलवायला करू नका, दुसरं काहीतरी मागायला करा.

मी मसुदा केलाय, एक पान. प्रति महापालिका आयुक्त आणि स्थायी समिती. भाडे साहाय्य निधीसाठी पुढच्या अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचा स्वतंत्र रकाना, प्रत्येक प्रभाग समिती कार्यालयात अर्ज घेणारा एक माणूस, आणि पंधरा दिवसांत निर्णय. दुकानात काउंटरवर ठेवलाय, येता-जाता सही करा. नगरसेवकांच्या जवळचे जे आहात त्यांनी अंदाजपत्रकाच्या सभेआधी तो त्यांच्या हातात द्या, नुसता फॉरवर्ड करू नका. वकील मंडळींनी अटी वाचून चुका काढा. आणि ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्यात त्यांनी आधी या, भाडेकरूंच्या सह्यांपेक्षा तुमच्या सह्यांना तिथे जास्त वजन आहे.