किल्ट हा स्कर्टच, आणि त्यात कमीपणा कसला?

"किल्टला स्कर्ट म्हणणं हा स्कॉटिश माणसाचा अपमान आहे" असा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. किल्ट म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष कमरेला घालतात ते गुडघ्यापर्यंतचं चुण्यांचं वस्त्र. मला तो पटत नाही. त्यातला एकेक दावा घेते.

"स्कर्ट शिवतात, किल्ट गुंडाळतात." एडिंबराला लग्नासाठी भाड्याने आणलेला एक किल्ट मी पलंगावर पसरून नीट पाहिला. मागे चुण्याच चुण्या, कमरेपासून कुल्ल्यांपर्यंत टाके घालून पक्क्या केलेल्या आणि तिथून खाली मोकळ्या. पुढे दोन सपाट पल्ले एकावर एक येतात, चामड्याच्या पट्ट्यांनी आवळतात. वरच्या पल्ल्याच्या उजव्या कडेला दशा सोडलेल्या. खाली दुमडपट्टी नाही, कापडाची मूळ किनारच. अशा पूर्ण किल्टला साधारण आठ वार कापड जातं, नऊवारीपेक्षा वारभरच कमी! म्हणजे तो गुंडाळतात हे खरं, पण शिवलेलाही असतो. कमरेवर बसणारं, पायांसाठी वेगळे भाग नसलेलं, चुण्यांचं हे वस्त्र. कुठल्याही शिंप्यापुढे ठेवा, तो याला रॅपअराउंड स्कर्टच म्हणेल.

"हजारो वर्षांचा योद्ध्यांचा वेष." नाही. अख्खं कापड अंगाभोवती घेऊन कमरेला पट्टा बांधायची मोठी प्लेड सोळाव्या शतकाच्या शेवटी दिसते. आज आपण पाहतो तो आखूड किल्ट अठराव्या शतकातला. 1746च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या पुरुषांना आणि मुलग्यांना तो घालायला बंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सैन्याला मात्र मुभा होती. बंदी उठली ती 1782 साली. ज्या कपड्यासाठी माणसांनी हे सोसलं, त्याचा मान राखायला खोटं प्राचीनपण लागत नाही.

"स्कर्ट बायकांचा." मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. अथेन्सच्या संसदेसमोर पहारा देणारे एव्झोन सैनिक फुस्तानेला घालतात, तोही चुण्यांचा पांढरा स्कर्टच. आणि 'किल्ट' हा शब्द तरी कुठून आला? तो आधी क्रियापद होता. किल्ट करणे म्हणजे कपडा वर घेऊन खोचणे, आपल्याकडे ओचा खोचतात तसंच. कामाला लागताना स्कॉटलंडच्या बायका घागरे असेच खोचत. जो शब्द बायकांच्या खोचलेल्या घागऱ्यालाही लागायचा, तो आता पुरुषांपुरता राखायचा आणि स्कर्ट म्हटलं की अपमान मानायचा? बाईच्या कपड्याशी नातं निघालं की इज्जत जाते, हे गृहीत धरल्याशिवाय हा दावा उभाच राहत नाही.

"स्कॉटिश लोक स्वतः त्याला स्कर्ट म्हणत नाहीत." हे मात्र खरं. पुरणपोळी हा पोळीचाच प्रकार, तरी पंगतीत कुणी तिला नुसती पोळी म्हणत नाही. लग्नात किल्ट घालून आलेल्या माणसाला "स्कर्ट छान आहे" म्हणून चिडवणं वाईटच. मी त्याला किल्टच म्हणेन.