अ‍ॅपला नाव सापडलं नाही, म्हणजे मॉसची नवी प्रजाती?

जंगलातल्या मॉसबद्दलचा (ओलाव्यात दगड-खोडांवर वाढणाऱ्या, बिनफुलांच्या लहान हिरव्या वनस्पतींबद्दलचा) एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: वेगळं दिसणारं मॉस आढळलं की फोटो काढून ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाका, फक्त फोटो पुरे. अ‍ॅपला नाव देता आलं नाही, तर ती नवी प्रजाती. डीएनए तपासणीने त्यावर शिक्कामोर्तब होतं, मग आंतरराष्ट्रीय समिती मंजुरी देते आणि प्रजातीला तुमचं नाव मिळतं. यातला एकही टप्पा बरोबर नाही. त्यावर विसंबलेला माणूस फोटो जपतो आणि नमुना फेकून देतो, म्हणून हे उत्तर जरा तपशिलात.

"अ‍ॅपला सापडलं नाही, म्हणजे नवं"

अ‍ॅप फोटोची तुलना फोटोंशी करतं. मॉसच्या सुमारे 12,000 प्रजाती माहीत आहेत आणि त्यांतल्या कितीतरी प्रजाती ज्या खुणांवरून ओळखतात, त्या फोटोत येतच नाहीत. पानातल्या पेशींचा आकार, पेशींवरचे बारीक उंचवटे, मध्यशिरेचा आडवा छेद हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली 400 पट मोठं करून पाहावं लागतं. शिवाय एकच झुपका ओला असताना पानं पसरून बसतो आणि वाळला की पानं पिळवटून घेतो. अ‍ॅप त्याच झुपक्याला दोन नावं देऊ शकतं. पानं टोकाशी दुभंगलेली असून त्यांना मध्यशीर नसेल, तर ते बहुधा मॉसच नाही, लिव्हरवर्ट आहे, म्हणजे मॉससारखीच दिसणारी पण वेगळ्या गटातली वनस्पती.

"वेगळं दिसतं, म्हणजे वेगळी प्रजाती"

सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात. मॉस परिस्थितीनुसार रूप बदलतं. दाट सावलीत खोड लांबतं आणि पानं विरळ होतात. उघड्यावर तेच मॉस आखूड आणि घट्ट वाढतं. हिप्नम क्युप्रेसिफॉर्मे हे मॉस झाडाच्या खोडावर दोऱ्यासारखं बारीक आणि इतरत्र जाड, फुगीर वाढू शकतं. त्याच्या अशा रूपांना पूर्वीच्या अभ्यासकांनी कितीतरी वेगवेगळी नावं देऊन ठेवली आहेत.

म्हणून तपासणी ठरावीक रीतीने करावी लागते. वाळलेला तुकडा गरम पाण्यात काही मिनिटं भिजवला की पानं पूर्ववत होतात. खोडाच्या मधल्या भागातली पूर्ण वाढलेली पानं चिमट्याने सोलून काढा आणि पाण्याच्या थेंबात कव्हरस्लिपखाली ठेवा. पेशी मोजायच्या त्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागातल्या, मध्यशीर आणि कडा यांच्या मधल्या. किमान 20 पेशी मोजा, त्याही एकाच पानातल्या नकोत. तळाकडच्या पेशी बहुतेक मॉसमध्ये जास्त लांब असतात. एका नमुन्याच्या तळाच्या पेशी दुसऱ्याच्या टोकाच्या पेशींशी ताडल्या, तर नसलेला फरक दिसतो. आडव्या छेदासाठी नवं ब्लेड घ्या. बोथट ब्लेडने मध्यशीर चिरडते आणि तिच्यातले पेशींचे थर मोजता येत नाहीत.

बीजाणुकोश, म्हणजे बीजाणू तयार होणारी डबी, असेल तर निम्मं काम सोपं होतं. त्याच्या तोंडाभोवती दातांची झालर असते, तिला पेरिस्टोम म्हणतात. टेट्राफिस या वंशात हे दात 4 असतात, पुष्कळ मॉसमध्ये 16, तर पॉलिट्रायकमच्या कुलात सहसा 32 किंवा 64. पण जुन्या कोशाचे दात झडलेले असतात. झाकण अजून न पडलेले, पिकत आलेले कोश सोबत घ्यायलाच हवेत. कोश दिसत नाहीत म्हणून तेवढ्यावरून काही वेगळं मानू नका: निम्म्याहून जास्त मॉसमध्ये नर आणि मादी रोप वेगळं असतं, आणि एकाच लिंगाच्या झुपक्यावर कोश येत नाहीत.

कोशाविना वर्गीकरण किती चुकू शकतं, हे टाकाकिया नावाच्या मॉसवरून दिसतं. हिमालयातल्या एका नमुन्याला 1861 मध्ये वनस्पती-अभ्यासक मिटन यांनी लिव्हरवर्ट म्हणून नाव दिलं. 1958 मध्ये हात्तोरी आणि इनोउए या अभ्यासकांनी जपानी नमुन्यांवरून टाकाकिया हा वंश मांडला, तोही लिव्हरवर्टमध्येच. 1990 मध्ये अल्यूशियन बेटांवर त्याचे बीजाणुकोश सापडले आणि 1993 मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं, तेव्हा कुठे ते मॉस असल्याचं स्पष्ट झालं.

"डीएनएने शिक्कामोर्तब होतं"

डीएनए फार उपयोगी आहे, पण "इतके टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती" अशी कुठलीही सर्वमान्य रेघ नाही. डीएनएच्या माहितीसाठ्यातला सर्वांत जवळचा जुळणारा क्रम एवढंच सांगतो की आजवर ज्यांची तपासणी झाली, त्यांत हा जवळचा. खरा जवळचा नातेवाईक कदाचित तपासलेलाच नसेल. साठ्यातल्या काही क्रमांवर चुकीची नावंही असतात. मॉसच्या झुपक्यात बुरशी, शैवाल आणि दुसरी मॉस गुंतलेली असतात. आयटीएस हा केंद्रकातल्या डीएनएचा, बुरशीतही असणारा भाग वाचायला घेतला आणि कोंब भिंगाखाली नीट साफ केले नसतील, तर हाती बुरशीचा क्रम येतो. हरितलवकाचा क्रम साधारणपणे मादीकडून येतो, त्यामुळे संकर झाला असेल तर एकट्या त्याच्यावरून दिशाभूल होते. स्फॅग्नम या दलदलीतल्या मॉसमध्ये संकरातून तयार झालेल्या प्रजाती आहेतच. हरितलवक आणि केंद्रक या दोन्हींतले भाग, वेगवेगळ्या जागांचे अनेक नमुने आणि जवळच्या सगळ्या प्रजाती एकत्र तपासल्यावर जे दिसतं, त्याला वजन असतं. तेही रूपातल्या खुणांशी जुळलं तर जास्त.

"आंतरराष्ट्रीय समिती मंजुरी देते"

अशी मंजुरी देणारी समिती नाही. वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिच्या अटी पाळून नाव प्रसिद्ध केलं की ते वैध, नाहीतर नाही. 2012 पासून वर्णन किंवा वेगळेपणाची नोंद लॅटिन अथवा इंग्रजीत लागते, आणि ऑनलाइन प्रकाशन चालतं ते फक्त आयएसएसएन किंवा आयएसबीएन (नियतकालिक किंवा पुस्तकाचा ओळख-क्रमांक) असलेल्या प्रकाशनातलं, पीडीएफ स्वरूपात. पोस्टमध्ये जाहीर केलेलं नाव जन्मालाच येत नाही. टाइप नमुना (ज्याच्याशी ते नाव कायमचं जोडलेलं असतं तो नमुना) नेमून तो कोणत्या वनस्पतिसंग्रहात ठेवला आहे, हेही लिहावं लागतं. आणि 2007 पासून मॉसच्या नव्या प्रजातीचा टाइप हा प्रत्यक्ष नमुनाच असावा लागतो. चित्र किंवा फोटो चालत नाही. म्हणजे फिरणाऱ्या मजकुरातला "फक्त फोटो पुरे" हा सल्ला पाळला, तर प्रजाती खरोखर नवी असली तरी तिला नाव देता येणार नाही.

वैध नाव म्हणजे मान्य प्रजाती, असंही नाही. मॉसच्या नावांची सुरुवात हेडविग या अभ्यासकाच्या 1801 च्या ग्रंथापासून धरतात, फक्त स्फॅग्नमच्या कुलाची 1753 पासून. तेव्हापासून नव्या प्रजातीच्या वंशात दिलेली नावं ट्रॉपिकॉससारख्या वनस्पतिनावांच्या ऑनलाइन साठ्यांत शोधून, तीच असू शकतील अशा प्रजातींचे टाइप नमुने मागवून ताडावे लागतात. वेळ जातो तो इथे. ही तुलना टाळली, तर पुढचा अभ्यासक ते नाव जुन्याच नावाचा पर्याय म्हणून काढून टाकतो.

"प्रजातीला तुमचं नाव मिळतं"

नाव निवडतो तो वर्णन लिहिणारा. शोधणाऱ्याच्या सन्मानार्थ नाव देतात, पण तो हक्क नाही. स्वतःचंच नाव देण्यावर संहितेत बंदी नसली, तरी ते शिष्टसंमत मानलं जात नाही.

वेगळं मॉस दिसलं तर असं करा. आधी त्या जागी नमुने घ्यायची परवानगी आहे का, ते पाहा. झुपका मोठा असेल तर अर्ध्या तळहाताएवढा, कोशांसकट. लहान असेल तर चार-पाच कोंब, बाकी जागेवर राहू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते, म्हणून कागदाची पुडी वापरा. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. दाबू नका, भट्टीत घालू नका. पुडीवर त्याच वेळी लिहा: तारीख, जागा, अक्षांश-रेखांश, उंची, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक, आणि मॉस कशावर वाढलं होतं. नुसतं "झाडावर" पुरत नाही. कोणतं झाड, जिवंत की कुजलेलं, जमिनीपासून किती उंचीवर, हे हवं. वाळल्यावर भिंगाखाली पाहून मिसळलेली दुसरी मॉस वेगळ्या पुडीत काढा, तिच्यावर तोच क्रमांक आणि पुढे अ, ब असं लिहा, आणि मग त्या वंशावर काम करणाऱ्या अभ्यासकाकडे पाठवा.