बोर्डाची उत्तरं लिहायची कधी? एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही नाव दिलेलं नाही, म्हणून दादा म्हणते. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. गेल्या महिन्यात मी ‘बारावी वाऱ्यावर सोडू नका’ असं लिहिलं होतं आणि ‘नीट’ (मेडिकल प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) देणाऱ्या मुलांनी आठवड्याला बोर्डाच्या तीन पूर्ण उत्तरपत्रिका लिहाव्यात असा सल्ला दिला होता. त्यावर दादांचं म्हणणं असं: मेडिकलची यादी नीटच्या गुणांवर लागते, बारावीला पीसीबीत (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) 50 टक्के पुरतात. मुलगी सकाळी साडेसहाला क्लासला जाते ती रात्री नऊला घरी येते, मग तिने बोर्डाची उत्तरं लिहायची कधी? मी ज्युनियर कॉलेजात शिकवते म्हणून कॉलेजची बाजू घेते. आणि माझा लेख वाचून तिच्या आईने विषय काढला, त्यावरून घरात भांडण झालं, मुलगी न जेवता झोपली.

आधी त्या शेवटच्या गोष्टीबद्दल. वाचून फार वाईट वाटलं. तीन उत्तरपत्रिकांचा सल्ला चुकलाच. तीन तासांच्या तीन, म्हणजे आठवड्याचे नऊ तास, तेही दिवसभर क्लासमध्ये बसून आलेल्या मुलीकडून. लिहिताना माझ्यासमोर रोज कॉलेजला येणारी मुलं होती, तुमची मुलगी नव्हती. तो सल्ला मी मागे घेते. मूळ लेखातही आज दुरुस्ती केली आहे, ती तिला दाखवा.

कॉलेजची बाजू घेण्याबद्दल. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर 120 नावं आहेत आणि दिवाळीनंतर समोर जेमतेम तीस मुलं असतात. का, ते मला कळतं. कॉलेजात नाव आणि क्लासमध्ये मूल ही व्यवस्था तुम्ही केलेली नाही. मी 1994 साली बारावी झाले, तेव्हा मेडिकलचे प्रवेश बारावीच्याच गुणांवर व्हायचे. ते दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही. अर्ध्या-एका गुणाने रडलेली माझी मैत्रीण मी पाहिली आहे.

नियम तुम्ही बरोबर सांगितलात. खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून 50 टक्के, आरक्षित प्रवर्गांना 40 टक्के, आणि इंग्रजीसकट प्रत्येक विषयात पास. त्यापुढे बारावीचे गुण एमबीबीएसच्या यादीत मोजत नाहीत. तरीही बोर्डाचं लिखाण सोडू नका असं मी म्हणते, ते नीटसाठीच म्हणते. लेखात हे मी स्पष्ट मांडलं नव्हतं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. क्लासच्या चाचण्यांमध्ये जीवशास्त्रात 360 पैकी 300च्या आसपास असलेली एक मुलगी माझ्याकडे आली. आकडा तिथून हलत नव्हता. मी तिला कोरा कागद दिला आणि डीएनएच्या प्रतिकृतीची आकृती काढायला सांगितली, बोर्डाला येते तीच. तिने सुरेख फाटा (दोन साखळ्या उलगडतात ती जागा) काढला, दोन्ही जुन्या साखळ्या रंगवल्या आणि दोन्ही नव्या साखळ्यांचे बाण फाट्याच्या तोंडाकडे वळवले. मी म्हटलं, आता टोकांना फाइव्ह प्राइम, थ्री प्राइम (साखळीच्या दोन टोकांची नावं) लिही. जुन्या साखळ्यांवर तिने बरोबर उलटसुलट लिहिलं. नव्यांवर लिहायला लागली आणि दुसऱ्या साखळीपाशी पेन्सिल थांबली. नवी साखळी फाइव्ह प्राइमकडून थ्री प्राइमकडेच वाढते हे तिला पाठ होतं, आणि तिचा स्वतःचा बाण नेमका उलटा दाखवत होता. मिनिटभर ती कागदाकडे बघत राहिली. मग खोडरबर घेऊन बाण पुसला, फाट्यापासून दूर जाणारा काढला, फाटा उघडतो तशी दर वेळी नवी सुरुवात करावी लागेल हे तिच्या लक्षात आलं आणि म्हणाली, “अहो मॅडम, म्हणून तुकडे पडतात होय!”

या तुकड्यांना ओकाझाकी तुकडे म्हणतात, आणि हा शब्द तिला दीड वर्षापासून येत होता. चार पर्यायांत तो दिसला की ती गोळा काळा करायची, आणि बरोबरही यायचं. पण ‘खालीलपैकी चुकीचं विधान कोणतं’ असं विचारलं, किंवा दोन विधानं देऊन कारण जोडायला सांगितलं, की तिचे गुण जायचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, म्हणजे बरोबर आलं असतं त्यापेक्षा पाच गुणांचा फरक. पर्याय समोर असले की आपल्याला येतंय असं वाटतं. कोऱ्या कागदावर कुठे अडतंय ते लगेच दिसतं. ही तपासणी क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये होत नाही, बोर्डाच्या प्रश्नात आपोआप होते. 180 पैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे असतात आणि गुण सारखे पडले तर क्रमही आधी जीवशास्त्रावरून ठरतो. तेव्हा ही तपासणी वाया जात नाही. भौतिकशास्त्रातल्या सिद्धतांचंही तेच. सूत्र पाठ असतं, पण ते कुठल्या गृहीतावर उभं आहे हे सिद्धता लिहिताना समजतं.

आता तुमचा खरा प्रश्न: कधी? रोज एक प्रश्न, तीन किंवा चार गुणांचा, वीस मिनिटं. त्या दिवशी क्लासमध्ये जो धडा झाला त्यातलाच, पुस्तक बंद करून. रात्री नऊला दमून आलेली असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या डब्यानंतर. रविवारी सुट्टी. डिसेंबर अखेरपर्यंत एवढं पुरे.

राज्य मंडळाच्या बारावीच्या जीवशास्त्रात 15 धडे आहेत. त्यातले श्वसन-रक्ताभिसरण आणि नियंत्रण-समन्वय एनसीईआरटीत (नीटसाठी वाचतात त्या केंद्राच्या पुस्तकांत) अकरावीला असतात, म्हणजे क्लासमध्ये ते गेल्या वर्षीच होऊन गेले असतील. बोर्डासाठी ते लिहिले की नीटची उजळणी होते, आणि अकरावीचा भाग बारावीत मागे पडतो ही सगळ्यांची तक्रारही कमी होते. उलट वनस्पतींचे जलसंबंध आणि खनिज पोषण 2024 पासून नीटच्या अभ्यासक्रमात नाही. तेवढं फक्त बोर्डासाठी, जानेवारीत चार-पाच दिवस काढून. त्याच महिन्यात जर्नल (प्रॅक्टिकलची वही) पूर्ण करा. प्रत्येक शास्त्र विषयात 30 गुण प्रॅक्टिकलचे आहेत आणि जर्नलवर सही नसेल तर आयत्या वेळी धावाधाव होते. जानेवारीच्या शेवटापासून लेखी परीक्षा संपेपर्यंत बोर्डाला पहिला नंबर, नीटची आठवड्याला एकच चाचणी. शेवटचा पेपर झाला की मे उजाडेपर्यंत सहा-सात आठवडे मिळतात, ते पूर्ण नीटचे.

‘50 टक्के तर कुणीही काढतं’ असं समजून मात्र चालू नका. एकूण 300 पैकी 150 सोपे वाटतात. पण वर्षभरात एकही लांब उत्तर न लिहिलेलं मूल तीन तासांच्या पेपरात दुसऱ्या तासाला हात आखडतं. नीटला चांगले गुण आणि बारावीला भौतिकशास्त्र राहिलेलं, अशी दोन मुलं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकाचे वडील माझ्यासमोर स्टाफरूममध्ये बसून काहीच बोलत नव्हते. मला ते अजून आठवतं.

आणखी एक काम आहे. ते मुलीचं नाहीच, तुमचं आहे. मूळ लेखात मी याचा उल्लेखही केला नव्हता. 2025 साली नीटचे अर्ज 7 फेब्रुवारीला सुरू झाले आणि बारावीची लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीला. नीट झाली 4 मेला, बारावीचा निकाल दुसऱ्याच दिवशी. ऐन परीक्षेच्या आठवड्यात मुलं फोटोचा आकार बसत नाही म्हणून सायबर कॅफेत उभी असतात, दहाही बोटांचे ठसे देताना शाई पुसट येते म्हणून पुन्हा कागद घेतात, आणि त्याच निळ्या बोटांनी घरी येऊन रसायनशास्त्र उघडतात. फोटो, ठसे, सही हे सगळं डिसेंबरमध्येच करून ठेवा. अर्ज तुम्ही भरा, तिने शेवटी फक्त तपासायचा.

दाखल्यांचंही आत्ताच बघा. राज्याच्या 85 टक्के जागांसाठी अधिवास दाखला लागतो. मागास प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव कॉलेजमार्फत गेला का ते विचारा, त्याला महिने लागतात. ओबीसी असाल तर अखिल भारतीय 15 टक्के कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, राज्याचा तिथे चालत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या नॉन-क्रीमीलेयर दाखल्याची (उत्पन्न मर्यादेत असल्याचा, आरक्षणासाठी लागणारा) मुदत 31 मार्चला संपली होती आणि ते कळलं जुलैत, कागदपत्रं चढवताना. पहिल्या फेरीत ती खुल्या प्रवर्गात गेली. नवा दाखला मिळेपर्यंत तिचे वडील रोज त्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर आणि ती घरी फोनजवळ. इतकं शिकून पोरीने ते पंधरा दिवस असे काढावेत याचा मला आजही राग येतो. हा ताण घरातल्या मोठ्यांनी सहा महिने आधी उचलला तर तिचे किती तरी तास वाचतात.

बारावी की नीट, हा वाद घरात तिच्यासमोर नका घालू, एवढी विनंती. तिच्या आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि तुमची काळजीही चुकीची नाही.

एक करा. तिची सहामाहीची जीवशास्त्राची उत्तरपत्रिका घरात असेल, ती घेऊन तिच्याजवळ बसा. गुण बघू नका. तिने कुठले प्रश्न सोडून दिले आणि कुठे दोन ओळींत आटोपलं तेवढंच तिला विचारून मला लिहा. त्यातले कुठले धडे नीटला आहेत आणि रोजच्या वीस मिनिटांत कशापासून सुरुवात करायची, ते मी तिच्या क्लासचं वेळापत्रक बघून कळवते.

तुमची,
मॅडम

ता. क. ती आज जेवली का?