'नाझारिन'मधल्या फादरने क्रूस फेकलेला नाही

माझ्या बहिणीने मला व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेज पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, "हे खरं का रे?" तिचा मुलगा सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत आहे. वसईतल्या आमच्या बऱ्याच कॅथलिक घरांत हा मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर असा: स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएलचा 'नाझारिन' हा जुना सिनेमा सत्यकथा आहे. त्यातला फादर गरिबांसाठी झिजतो, सगळ्यांचं वाटोळं करतो, शेवटी क्रूस फेकून नास्तिक होतो. म्हणून व्हॅटिकनने त्यावर बंदी घातली. आणि मग तळाशी: "मुलाला फादर करायला निघालेल्या आईबापांनी जरूर बघा."

ज्याने हे लिहिलं त्याने सिनेमा पाहिलेला नाही.

बंदीचं आधी संपवतो. 1995 साली, सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, व्हॅटिकनने 45 महत्त्वाच्या चित्रपटांची यादी काढली. तिच्या 'धर्म' या विभागात 'नाझारिन' आहे. ज्या सिनेमावर बंदी घातली तोच व्हॅटिकन स्वतःच्या यादीत घेईल का? 1959 साली कान चित्रपट महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय पारितोषिकही मिळालं होतं.

सत्यकथा म्हणाल तर तीही नाही. मूळ कादंबरी स्पॅनिश लेखक बेनितो पेरेस गाल्दोस यांची, 1895 सालची. ती माद्रिद आणि त्याच्या आसपास घडते. बुन्युएलने ती हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या राजवटीतल्या मेक्सिकोत नेली आणि शेवट बदलला. कादंबरीत तापाने फणफणलेल्या फादरला ख्रिस्त दिसतो, धीर देतो. सिनेमात ख्रिस्त येत नाही. तिथे येते फळं विकणारी एक बाई.

हा प्रसंग नीट सांगतो, कारण सगळा खोटेपणा इथेच केलाय. सिनेमाचा नायक फादर नाझारिओ शेवटी कैदेत असतो. त्याला इतर कैद्यांपासून वेगळं, साध्या वेशातल्या एका पहारेकऱ्याबरोबर रस्त्याने नेत आहेत. चर्चची बेअब्रू नको म्हणून ही व्यवस्था. वाटेत फळवाली भेटते. पहारेकरी तिच्याकडून फळ घेतो. ती या दमलेल्या कैद्याकडे बघते आणि त्याला एक अननस देऊ करते. तो नाही म्हणतो, पुढे निघतो, थांबतो, परत येतो आणि अननस घेतो. "देव तुमचं भलं करो," एवढं तिला म्हणतो. अननस काखेत धरून चालू लागतो, चेहरा पार हललेला, डोळ्यांत पाणी. आणि ढोल सुरू होतात. हे ढोल कलांदाचे, बुन्युएलच्या जन्मगावचे. तिथे गुड फ्रायडेच्या दुपारी ते घुमतात.

यात क्रूस कुठे फेकला? क्रूस फेकण्याचा प्रसंग अख्ख्या सिनेमात नाही. उलट त्याच्या तोंडी शेवटचे शब्द देवाच्या नावाचे आहेत. आयुष्यभर देत आलेल्या माणसाला इथे कुणाकडून तरी घ्यावं लागतं. त्याची श्रद्धा तिथे संपते की तिथून नव्याने सुरू होते, यावर जाणकार आजही भांडतात. बुन्युएलने ते मुद्दाम उघडं ठेवलं. मेसेजवाल्याने मात्र परस्पर निकाल लावून टाकला.

बुन्युएल स्वतः नास्तिक होता, हे मला मान्य करावं लागतं. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळेत शिकूनही, किंवा शिकल्यामुळेच. चर्चच्या अधिकाऱ्यांना त्याने सिनेमात सोडलेलं नाही, तेही खरं.

पण 'सगळ्यांचं वाटोळं करतो' हे वाक्य मला सहन होत नाही. रेल्वेच्या कामावर तो नुसत्या जेवणावर राबायला तयार होतो. त्यामुळे मजुरांच्या पोटावर पाय येतो, ते चिडून त्याला हाकलतात, त्याच्या पाठीमागे भांडण पेटून गोळी सुटते. त्याला त्याचा पत्ताही नसतो. चांगुलपणाने नुकसान होऊ शकतं, हे सिनेमा स्पष्ट दाखवतो आणि ते दाखवायलाच हवं. पण साथीने ओस पडलेल्या गावातून सगळे पळत असताना हाच माणूस दोन बायकांना घेऊन आत शिरतो, मेलेल्यांत आणि मरणाऱ्यांत वावरतो. ते मेसेजात नाही. त्या गावातली एक मरणारी बाई त्याचा स्वर्ग नाकारते, तिला फक्त आपला माणूस, हुआन, हवा असतो. तेव्हाही तो तिच्यावर रागावत नाही.

आणि तुरुंग. तिथे एक कैदी त्याला मारहाण करतो आणि चर्चमध्ये चोरी केलेला दुसरा त्याला सोडवतो. नाझारिओ त्या चोराला विचारतो, तुला चांगलं व्हावंसं वाटत नाही का? चोर म्हणतो, तुम्ही चांगल्या बाजूने, मी वाईट बाजूने, दोघंही काही कामाचे नाही. नाझारिओकडे त्यावर उत्तर नसतं. पूर्ण सिनेमात त्याला सगळ्यात खोल लागलेला घाव हाच. पण मेसेजवाल्याने एक गोष्ट बघितलेली नाही: हे म्हणणारा चोर थोड्याच वेळापूर्वी, कुणी न सांगता, फादरला वाचवायला मध्ये पडलेला असतो.

बहिणीला मी हेच कळवलंय, आणि ज्याने तिला मेसेज पाठवला त्यालाही पाठव म्हटलंय.