सिम्युलेशन आहे, म्हणून क्लीनरूम नको?

“आता संगणकावर अणू-अणू मांडून ट्रान्झिस्टर तपासता येतो, समीकरणे तर ठाऊकच आहेत, तेव्हा कोट्यवधी रुपये ओतून क्लीनरूम उभारण्यापेक्षा भारताने नुसते सॉफ्टवेअर लिहावे,” असा संदेश बराच फिरतो आहे. (क्लीनरूम म्हणजे चिप बनवण्यासाठीची, हवेत धूळकण जवळजवळ नसलेली प्रयोगशाळा.) या सल्ल्याने संशोधनाचे खरोखर नुकसान होईल, असे मला वाटते.

अणू-अणू मांडता येतात, हे खरे, पण किती? महासंगणकावरील गणनेसाठी दिले जाणारे गॉर्डन बेल पारितोषिक २०१९ साली मिळवणाऱ्या, ईटीएच झुरिच या स्विस विद्यापीठाच्या चमूने, इलेक्ट्रॉन आणि अणूंची कंपने यांच्यातली ऊर्जेची देवाणघेवाण हिशेबात धरून, सुमारे १०,००० अणूंच्या ट्रान्झिस्टर-कापाचे गणित केले, आणि त्यासाठी समिट हा तेव्हाचा जगातला सर्वांत वेगवान महासंगणक लागला. म्हणून रोजच्या डिझाइनचे काम आजही बव्हंशी ड्रिफ्ट-डिफ्यूजनसारख्या (अणू न मोजता विद्युतप्रवाहाचा सरासरी हिशेब करणाऱ्या) सोप्या प्रतिमानांवर चालते, आणि त्यांतले गतिशीलतेचे, म्हणजे इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात याचे, आकडे मोजमापांशी जुळवून घेतलेले असतात.

क्वांटम भौतिकीची समीकरणे ठाऊक असली, तरी अनेक इलेक्ट्रॉनांसाठी ती तंतोतंत सुटत नाहीत. घनता-फलन सिद्धान्त (डीएफटी) ही ती अदमासे सोडवण्याची रूढ पद्धत; तिच्या सर्वांत साध्या रूपात सिलिकॉनची ऊर्जा-फट, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहता करायला लागणारी किमान ऊर्जा, साधारण निम्मीच येते. मोजलेली फट खोलीच्या तापमानाला १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. शुद्ध सिलिकॉनमधील वाहकांची (प्रवाह वाहून नेणाऱ्या कणांची) संख्या या फटीवर घातांकी पद्धतीने अवलंबून असल्यामुळे अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टची चूक त्या संख्येत दहा हजार पटींहून मोठी होते. यावर उपाय आहेत, पण ते बरोबर ठरले की नाही, हे प्रयोगाशी ताडूनच कळते.

शिवाय प्रत्यक्षातला कोणताही ट्रान्झिस्टर दुसऱ्यासारखा नसतो. २० नॅनोमीटर बाजूच्या घनाकृती चॅनलमध्ये (ट्रान्झिस्टरच्या प्रवाहाच्या वाटेत) दर घन सेंटिमीटरला १०^१८ अणू इतके डोपिंग केले, म्हणजे मुद्दाम अशुद्धी मिसळली, तर वाट्याला सरासरी आठच अशुद्धी-अणू येतात. एकात पाच, तर शेजारच्यात अकरा असू शकतात, आणि दोघांचे थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू होण्याचे व्होल्टेज, वेगळे पडते. हा विखुरलेपणा सिम्युलेशन उत्तम दाखवते, आणि वेफर (चिप बनवण्याची सिलिकॉनची चकती) वाया न घालवता दहा रचनांतून दोन निवडण्यासाठी त्याला पर्याय नाही. मात्र सिलिकॉन आणि त्यावरचा ऑक्साइडचा विद्युतरोधक थर यांच्या सीमेवर दोष किती आहेत, हे त्याला बाहेरूनच सांगावे लागते.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या नव्या, काही अणूंइतक्या पातळ अर्धवाहक पदार्थांत तर धातूच्या जोडणीचा रोध कोणता धातू, कोणत्या निर्वातात, कशा पृष्ठभागावर बसवला यावर बदलतो. तो आकडा उपकरण बनवून आणि मोजूनच मिळतो.